झाडीपट्टीतला घडीचा चाकू

खांद्यावर कुऱ्हाड, कमरेला विळा, स्वयंपाकघरात पावशी आणि बुरडाच्या ओसरीवर बांबू फाडण्याचा कोयता असा ज्या मुलखाचा नित्याचा सरंजाम, त्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत घडी घालून खिशात ठेवण्याचा चाकू ही प्रथमदर्शनी चैनच वाटावी. परंतु ज्याची उपजीविका जंगलावर नाही आणि तरीही कामानिमित्त ज्याला रोज जंगलातून जावे लागते, असा शिक्षक, तलाठी, आरोग्यसेवक किंवा तेंदूपत्त्याच्या फळीवरचा मुन्शी काही कोयता घेऊन कचेरीत शिरू शकत नाही. आणि पुड्यांची दोरी कापणे, गोणीचे तोंड उघडणे, दुपारी पळसाच्या सावलीत कांदा चिरणे ही कामे तर त्याच्याही वाट्याला येतातच. असा मनुष्य चांगल्या चाकूची चौकशी करू लागला, की बहुधा दोन नावांपाशी येऊन थांबतो: फ्रान्सचा ओपिनेल आणि स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स.

ओपिनेल हा आल्प्सच्या कुशीतील साव्हॉय प्रांताचा. जोसेफ ओपिनेल याने तो 1890 साली घडविला, तेव्हा त्याच्या नजरेसमोर गावचा शेतकरी होता, आणि चाकूचे रूप आजही शेतकरीच राहिले आहे: एक पाते, एक लाकडी मूठ आणि दोहोंना जोडणारा खिळा. 1955 साली त्याच्या मानेभोवती फिरते पोलादी कडे आले. ते फिरविले म्हणजे उघडलेले पाते मिटून बोटावर येण्याची धास्ती राहत नाही. आठ नंबरच्या ओपिनेलचे पाते 8.5 सेंटिमीटरचे असते, आणि सर्वसाधारण माणसाच्या हाताला हाच नंबर मानवतो. जुन्या पद्धतीच्या कार्बनी पोलादाचे पाते घेतले, तर त्याला साध्या गुळगुळीत दगडावर चार हात फिरविताच अशी धार येते की पिकलेल्या टोमॅटोची साल दाबाशिवाय कापली जावी.

मात्र या पोलादाचा आणि आपल्या जंगलाचा संबंध मोठा नाजूक आहे. हिरडा, आवळा, बेहडा या फळांत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य विपुल असते. त्याचा लोखंडाशी संयोग झाला की काळे संयुग तयार होते. पूर्वी हिरडा आणि हिराकस हा लोहक्षार यांपासून लिहिण्याची शाई करीत, तिचे मर्म हेच. म्हणजे कार्बनी पात्याने हिरडा चिरणारा मनुष्य नकळत दौतच भरत असतो. कैरीचे आम्लही असेच करडे डाग पाडते. हे डाग दिसायला कुरूप असले तरी घातक नाहीत, उलट त्यांचा पातळ थर तांबड्या गंजाला काही अंशी अटकाव करतो. खरा शत्रू पावसाळा. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद व्हावा अशा दिवसांत ओल्या खिशातील कार्बनी पाते रातोरात तांबूस होते, आणि युरोपातील बीच वृक्षाची ती मूठ दमट हवेत फुगून पात्याला अशी आवळून धरते की नखाने ते उघडता उघडत नाही. साव्हॉयचे शेतकरी अशा वेळी मुठीचा मागचा कोपरा मेजावर ठोकतात, म्हणजे पाते थोडे बाहेर येते. आलापल्लीच्या सागवानाची मूठ असती तर ही आपत्ती बरीच टळली असती, कारण साग ओलाव्याने फारसा फुगत नाही; तूर्त मूठ जवसाच्या तेलात मुरवून वाळविणे आणि पात्याला मोहाच्या बियांचे तेल पुसणे, एवढा इलाज हाताशी आहे.

व्हिक्टोरिनॉक्सची प्रकृती निराळी. कार्ल एल्सेनर याने 1884 साली इबाख या गावी कारखाना काढला, 1891 साली स्विस सैन्याला पहिले चाकू पुरविले आणि 1897 साली अधिकाऱ्यांसाठी तो हलका, अनेक अवजारांचा चाकू सिद्ध केला, ज्याची लाल मूठ आज सर्वत्र परिचित आहे. त्याचे पोलाद न गंजणारे. क्रोमियमच्या योगाने पृष्ठभागावर एक अदृश्य पापुद्रा बनतो आणि गंज आत शिरत नाही. धार ओपिनेलइतकी तीक्ष्ण नव्हे, पण महिनाभर विसरलात तरी चाकू रुसत नाही. नेहमीच्या 91 मिलिमीटरच्या मापात पात्याला खटका नसतो, केवळ कमानीचा ताण त्याला उघडे धरतो. म्हणून टोकाने भोसकण्याचे वा उचकटण्याचे काम त्याच्याकडून घेऊ नये. बूच काढण्याचा मळसूत्री हूक मात्र येथे थोडा हास्यास्पद वाटतो, कारण गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. तरी भिजून आवळलेली सुतळीची गाठ सोडवायला याच हुकाइतके उपयुक्त काही नाही. आणि या चाकूची सर्वांत मोलाची वस्तू पाते नव्हेच, तर मुठीच्या कडेत दडविलेला इवलासा चिमटा होय. बोरी-बाभळीच्या या प्रदेशात दिवसातून एकदा तरी कोणाच्या ना कोणाच्या पायात काटा मोडतो.

आता कायद्याची बाजू. शस्त्र नियमांत परवान्याची अट साधारणतः 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांना आहे, तीही घरगुती व शेतीची अवजारे वगळून. या मापात आपले दोन्ही चाकू कोठेच बसत नाहीत. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाईहुकूम जारी असेल, तर चाकू जवळ बाळगण्यासही बंदी येते, आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात नाक्यावर झडती होणे नवलाचे नाही. अशा प्रसंगी कडे आवळून ताठ उभे राहणारे एकच लांब पाते आणि कात्री-चिमट्यांनी भरलेली लाल डबी यांपैकी शिपायाला कोणते कमी खटकेल, हे सांगावयास नको. माझा कौल रोजच्या खिशासाठी व्हिक्टोरिनॉक्सलाच आहे. ओपिनेल घरी, फळीवरच्या डब्यात, कोरडा ठेवावा आणि आंब्याच्या दिवसांत मनसोक्त वापरावा.

खिशातल्या चाकूलाही एक ठिकाण वर्ज्य आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शस्त्राची व्याख्या करताना बंदुका, धनुष्यबाण, विष आणि सापळे यांच्या पंक्तीला चाकूलाही बसविले आहे, आणि कलम 31 प्रमाणे लेखी परवानगीवाचून शस्त्रासह अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही हेच कलम लागू आहे. म्हणजे ताडोबा, अंधारी, चपराळा किंवा भामरागड यांच्या हद्दीत शिरताना चाकू लाल असो वा लाकडी, मुक्कामाच्या खोलीत कुलूपबंद राहिलेला बरा. आणि हद्दीतीलच गावात ज्याची नेमणूक आहे, त्याने वनविभागाकडे रीतसर अर्ज करावा.