रुळांलगतच्या घरांत

● मर्यादा : रेल्वेच्या आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये सुचवलेली रात्रीची सरासरी पातळी ४४ डेसिबल. भारतातल्या निवासी भागांसाठी एकूण आवाजाची मर्यादा रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५.

● झोप : मालगाडी धडधडत गेली की जाग आली नाही तरी हृदयाचे ठोके वाढतात. कानांना सवय होते, शरीराला पुरती होत नाही.

● अभ्यास : न्यूयॉर्कच्या एका शाळेत रुळांकडच्या वर्गांतली मुलं वाचनात मागे पडतात, हे आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये दाखवलं. रुळांखाली रबरी पॅड आणि वर्गांना ध्वनिशोषक छत बसल्यावर फरक मिटला.

● उपाय : घासून गुळगुळीत केलेले रूळ, ध्वनिरोधक भिंती. रुळांलगतच्या वस्त्यांनी ते हक्काने मागावेत.