‘सेन्सर गेला’ म्हणण्याआधी काच पाहा

जालन्यात दुसऱ्याची मोटार चालवून घर चालवणारे आपले बांधव पुष्कळ आहेत. नव्या गाड्यांत पाऊस येताच वायपर आणि अंधार पडताच दिवे आपोआप सुरू होतात. ते बिघडले की गॅरेजवाला म्हणतो, ‘सेन्सर गेला’. मालकाचा राग मात्र ड्रायव्हरवर. म्हणून आम्ही सांगतो, आधी स्वतः तपासा.

आरशामागे काचेला चिकटलेला सेन्सर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश काचेत सोडतो. कोरड्या काचेतून तो परत येतो. थेंब पडला की काही प्रकाश बाहेर निसटतो आणि वायपर हलतो. म्हणजेच काच बिघडली की सेन्सर फसतो.

प्रथम बटण ‘ऑटो’वर आहे का पाहा. सेन्सरसमोरची धूळ, पॉलिशचा थर पुसा. तिथे फास्टॅग चिकटवला असेल तर ओरबाडू नका, तो निकामी होतो. नवा घेऊन बाजूला लावा. वायपरचे रबर झिजले असेल तर बदला. पुढची काच नुकतीच बदलली असेल, तर सेन्सर आणि काचेमधल्या जेलच्या थरात हवेचा बुडबुडा राहिला आहे का, ते विचारा.

मग इग्निशन चालू करून सेन्सरसमोर काचेवर पाणी शिंपडा. हात वायपरपासून दूर ठेवा. दिव्यांसाठी सेन्सर काळ्या कापडाने झाका. तरीही काही हलले नाही तर फ्यूज पाहा, आणि स्कॅनरवर दोष दिसल्याशिवाय नव्या सेन्सरचे पैसे देऊ नका.

तोवर समृद्धी महामार्गावर पाऊस लागला, तर वायपर आणि दिवे हातानेच लावा.