गाडीचा सातबारा बघितलात का?

‘विकणे आहे : रेसमध्ये धावलेली जुनी स्पोर्ट्स कार. फुल्ली रेस्टोअर्ड. इंजिन चालू. सीरियस बायर्सनीच फोन करावा.’

स्क्रोल करताना अशी जाहिरात दिसली की अंगठा थांबतोच. लालभडक बॉनेट, तारांची चाकं, बॉनेटवर आवळलेला चामड्याचा पट्टा, दारावर पांढऱ्या गोलात नंबर. किंमत वाचून आपण हसतो आणि पुढे सरकतो. पण जरा थांबा. गाडी घ्यायची नसली तरी ही जाहिरात वाचता यायला हवी. तिच्यातले सगळ्यात महागडे शब्द आहेत ‘रेसमध्ये धावलेली’. ते खरे की खोटे, हे फोटोत दिसत नाही.

भंडाऱ्यात वाढलेल्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. धानाची बांधी विकत घेताना घरची मोठी माणसं आधी काय मागतात? सातबारा. जमीन कोणाच्या नावावर, आधी कोणाची होती, फेरफार कधी झाला, बोजा आहे का. पीक हिरवंगार दिसतं म्हणून कोणी इसार देत नाही.

जुन्या रेसिंग कारचंही तसंच. चेसिस नंबर हा तिचा गट नंबर. मालकांची साखळी, शर्यतीच्या नोंदी, जुने फोटो, गॅरेजची बिलं हे तिचे फेरफार. हे सगळं जुळलं तर ती करोडोंची. नाही जुळलं तर ती छान रंगवलेली जुनी गाडी, बस्स.

एका गाडीचा खटला

अडचण अशी की, रेसिंग कार कधी जशीच्या तशी राहत नाही. आज इंजिन फाटलं, बदला. उद्या ठोकली, पुढचा भाग नवा लावा. पुढच्या सीझनला नियम बदलले, बॉडी कापा. मग ‘मूळ गाडी’ म्हणायचं कशाला?

हा प्रश्न थेट लंडनच्या हायकोर्टात गेला होता. गाडी होती बेंटली ‘स्पीड सिक्स’, टोपणनाव ‘ओल्ड नंबर वन’. फ्रान्समधली ले माँची २४ तासांची शर्यत तिने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोनदा जिंकली. दोन्ही वेळा चालक होता वुल्फ बार्नाटो. पहिल्या वर्षी जोडीला टिम बर्किन, दुसऱ्या वर्षी ग्लेन किडस्टन. पुढे तिच्यात आठ लिटरचं भलंमोठं इंजिन बसवलं आणि १९३२ मध्ये तिला ब्रुकलँड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतीत उतरवलं. तिथे ती ट्रॅकच्या उंच काठावरून पलीकडे कोसळली. त्यात क्लाइव्ह डन्फी या चालकाचा जीव गेला. गाडी मात्र पुन्हा बांधली गेली, तीही बंद छपराची कूपे म्हणून. कित्येक वर्षांनी तिला परत रेसिंगचं रूप दिलं गेलं.

१९९० मध्ये तिचा सौदा ठरला एक कोटी पौंडांना! आणि खरेदी करणारी कंपनी मागे फिरली. म्हणणं काय, तर ही ती गाडीच नाही, जुनं काहीच उरलेलं नाही. विकणारा कोर्टात गेला.

तपासात निघालं की, १९२९ ला जिंकलेल्या गाडीचं जवळजवळ काहीच शिल्लक नव्हतं. तरी न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला विकणाऱ्याच्या बाजूने. भाग बदलत गेले, पण हळूहळू, एकाच गाडीवर, साखळी न तुटता. आपणच ‘ओल्ड नंबर वन’ असा दावा करू शकेल अशी दुसरी गाडी जगात नव्हती. म्हणून हीच ती.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लोखंड गेलं तरी गाडी ओळख टिकवू शकते. पण मधली एक कडी जरी गायब झाली, तरी सगळंच संशयात जातं.

होळकरांची ड्यूसेनबर्ग

मराठी घराण्यातलं उदाहरण हवं? इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे घ्या. नीरेकाठच्या होळ गावचं हे घराणं. महाराजांना वेगवान गाड्यांचं प्रचंड वेड. १९३० च्या दशकात त्यांनी अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीकडून ‘एसजे’ची चेसिस घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून केशरी-काळी स्पीडस्टर बॉडी चढवली. ड्यूसेनबर्ग म्हणजे शर्यतीत तापून निघालेलं नाव. १९२१ ची फ्रेंच ग्रांप्री आणि १९२४, १९२५, १९२७ ची इंडियानापोलिस ५०० त्यांच्या गाड्यांनी जिंकलेली.

ही स्पीडस्टर काही ट्रॅकवर धावणारी नव्हती, पण आज जगभरचे शौकीन तिला नावानिशी ओळखतात. चेसिस कोणी केली, बॉडी कोणी चढवली, मागवली कोणी, हे सगळं नोंदलेलं आहे म्हणून.

आपल्याकडचा नियम काय म्हणतो?

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी मोटार वाहन नियमांत खास तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली चारचाकी किंवा दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, ती चालते १० वर्षं, पुढच्या फेरनोंदणीला ५ हजार. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. म्हणजे त्यात आपला ‘३६’ दिसणार नाही! पण आधीच नोंदलेली गाडी असेल तर जुना नंबर कायम ठेवता येतो.

गाडी विकताही येते. मात्र घेणारा आणि विकणारा दोघांनी आपापल्या परिवहन कार्यालयाला कळवायचं. रोज कॉलेजला न्यायची किंवा भाड्याने फिरवायची नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर.

सगळ्यात महत्त्वाची अट मात्र वेगळी आहे. गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको. म्हणजे ‘ओल्ड नंबर वन’ आपल्या आरटीओत आली असती, तर साहेबांना घाम फुटला असता. म्हणून ‘फुल्ली रेस्टोअर्ड’ वाचलं की पहिला प्रश्न विचारा : रेस्टोअर करताना नेमकं बदललं काय?

आणि आपलं काय?

करोडोंची बेंटली आपल्या अंगणात येणार नाही, मान्य. पण आजोबांची राजदूत किंवा जावा कोठ्यात धूळ खात पडलेली असेल, तर हाच सगळा हिशोब तिलाही लागू. नवा पेंट, क्रोम, रुंद टायर, दुसऱ्या गाडीचं इंजिन असं सगळं ‘मॉडिफाय’ करून रील टाकाल. लाइक्स येतील. पण तिचा सातबारा तुम्हीच फाडलेला असेल.

आपल्या जिल्ह्याला या कामाची जाण नवी नाही. हातोडीने धातू वळवणाऱ्या कारागिरांमुळे भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात. वरठीच्या सनफ्लॅगमध्ये वाहन उद्योगाला लागणारं पोलाद बनतं, गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे. आयटीआय किंवा मेकॅनिकलला असाल, तर हाताने पत्रा घडवणं, जुना कार्ब्युरेटर उघडून परत बसवणं, न मिळणारा पार्ट लेथवर काढणं हे शिकून घ्या. जुनी गाडी उभी करणाऱ्याला हेच लागतं.

हात लावण्याआधी

- चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः बघा, आरसी बुकाशी जुळवा. घासलेला किंवा नव्याने ठोकलेला नंबर दिसला तर सरळ परत फिरा.
- आधीच्या मालकांची नावं क्रमाने लिहा. मधे खंड पडला असेल तर कारण विचारा.
- ‘रेस जिंकलेली’ म्हणतात? कोणती, कुठे, कोणत्या वर्षी? त्या दिवशीचा फोटो किंवा छापील कार्यक्रमपत्रिका मागा.
- रस्त्यासाठी नोंदच झालेली नसेल, तर अशी रेसिंग कार घरी चालवत आणता येणार नाही.
- स्वतः काम करणार असाल तर एकही नट खोलण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. काढलेला जुना पार्ट भंगारात देऊ नका, चिठ्ठी लावून ठेवा.

या रविवारी आजोबांना एकच विचारा, ‘गाडीचं जुनं बुक कुठे आहे?’ ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली सापडेल कदाचित. सापडलं तर आधी ते जपा. पॉलिश नंतर करू.