एकाच सणाचे दोन रविवार

सातव्या शतकात इंग्लंडच्या उत्तर भागात नॉर्थम्ब्रिया नावाचे राज्य होते. तिथला राजा ओस्विउ आणि राणी एनफ्लेड, दोघेही श्रद्धाळू ख्रिस्ती. पण राजाने धर्म शिकला तो आयर्लंडच्या परंपरेतल्या संन्याशांकडून, आणि राणी वाढली दक्षिणेतल्या केंटमध्ये, रोमची रीत पाळणाऱ्यांत. दोन्ही परंपरांचे ईस्टरचे गणित वेगळे होते. त्यामुळे काही वर्षी असे होई, की राजा उपास सोडून ईस्टरच्या मेजवानीला बसला आहे आणि राणीच्या दालनात अजून झावळ्यांचा रविवार आहे, म्हणजे उपासाचा शेवटचा आठवडा उरला आहे. बीड नावाच्या इतिहासकार संन्याशाने ही हकीकत लिहून ठेवली आहे. अखेर ६६४ साली व्हिटबी येथे सभा भरली आणि राजाने रोमच्या बाजूने कौल दिला.

त्या राजवाड्यापुरता प्रश्न मिटला. जगापुरता अजून मिटलेला नाही. २०२४ साली कॅथलिक आणि प्रोटेस्टंट ख्रिस्त्यांचा ईस्टर ३१ मार्चला झाला, तर ग्रीस, रशिया, सर्बिया, इथिओपिया इथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्त्यांचा ५ मे रोजी. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, दोघांचा ईस्टर २० एप्रिल या एकाच दिवशी आला. ईस्टर फिरता का, आणि फिरताना तो दोन वाटांनी का जातो, हे समजून घ्यायला पंचांगाची सवय असलेल्या मराठी वाचकाला फार कष्ट पडू नयेत.

शुभवर्तमानांनुसार येशूला क्रूसावर दिले ते ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत. इजिप्तच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेचा हा सण निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीशी, म्हणजे वसंतातल्या पौर्णिमेशी बांधलेला आहे. हिब्रूत त्याला पेसाख म्हणतात. ग्रीक ‘पास्खा’, फ्रेंच ‘पाक’, पोर्तुगीज ‘पाश्कोआ’ ही ईस्टरची नावे त्यावरूनच आली. इंग्रजी आणि जर्मन नावे तेवढी निराळ्या मुळाची. केरळच्या नस्राणी घरांत पवित्र गुरुवारी रात्री कुटुंबप्रमुख बिनखमिराचा ‘पेसहा अप्पम’ मोडून सर्वांना वाटतो. त्या पदार्थाच्या नावातही हीच आठवण टिकून आहे.

पहिल्या मतभेदाचे मूळ इथेच आहे. आशिया मायनरमधले ख्रिस्ती चौदावी तिथी पाळत, मग वार कोणताही असो. रोममधले म्हणत, पुनरुत्थान रविवारी झाले, तेव्हा सण रविवारीच हवा. इसवी सन १५५ च्या सुमारास स्मर्ना शहराचे वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला जाऊन तिथल्या अनिसेटस यांना भेटले. दोघांनीही एकमेकांचे म्हणणे मान्य केले नाही; तरीही दोघांनी एकत्र उपासना केली आणि सलोख्याने निरोप घेतला. पुढे १९० च्या सुमारास रोमचे व्हिक्टर यांनी आशियातल्या मंडळींना बहिष्कृत करण्याचा पवित्रा घेतला, तेव्हा लिऑनच्या इरेनियस यांनी त्यांना या जुन्या भेटीची आठवण करून दिली.

३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझ्निकला, धर्मसभा बोलावली. सर्वांनी एकाच दिवशी ईस्टर साजरा करावा, असे तिथे ठरले. या ऐक्याला एक कडवट बाजूही होती. निसान केव्हा सुरू होतो हे ज्यू शेजाऱ्यांना विचारायचे नाही, आपले गणित आपण करायचे, असाही तो निर्णय होता. आणि त्याबद्दल सम्राटाने धाडलेल्या पत्राची भाषा ज्यूंविषयी तिरस्काराने भरलेली आहे. ज्यांच्या सणातून आपला सण उगवला, त्यांच्याशी नाते तोडून ही एकी साधली गेली.

मग गणित कोणी करायचे? खगोलविद्येत अलेक्झांड्रिया पुढे होती. हळूहळू तिचीच पद्धत रूढ झाली. तिचा नियम असा : वसंतसंपाताच्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्या नंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. वसंतसंपात २१ मार्चला धरायचा. पौर्णिमेसाठी १९ वर्षांचे चक्र वापरायचे, कारण १९ सौर वर्षांत जवळजवळ बरोबर २३५ चांद्रमास बसतात. आपल्याकडे १९ वर्षांत साधारण सात अधिक मास येतात, ते याच हिशेबाने : १९ गुणिले १२ म्हणजे २२८, आणि वरचे सात.

म्हणजे चर्चचा चंद्र आकाशातला नसून तक्त्यातला आहे, आणि दोन्ही दरवेळी जुळतातच असे नाही. २०१९ मध्ये ग्रीनिचच्या वेळेनुसार २० मार्चच्या रात्री वसंतसंपात झाला आणि काही तासांनी, २१ मार्चच्या पहाटे, पौर्णिमा. तीच आपली होळी पौर्णिमा. आकाशाकडे पाहिले तर ईस्टर २४ मार्चला यायला हवा होता. पण पाश्चात्त्य चर्चच्या तक्त्यात ती पौर्णिमा २० मार्चला होती, म्हणजे ठरलेल्या संपाताच्या एक दिवस आधी. ती बाद झाली आणि ईस्टर २१ एप्रिलवर गेला.

तक्ता तयार झाला तेव्हा ज्युलियन दिनदर्शिका चालू होती. तिचे वर्ष ३६५.२५ दिवसांचे, खऱ्या सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे. शतकांमागून शतके ही मिनिटे साठत गेली, आणि सोळाव्या शतकात खरा वसंतसंपात ११ मार्चच्या आसपास येऊ लागला. म्हणून १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी दहा दिवस वगळले : ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. चंद्राचा तक्ताही त्यांनी दुरुस्त केला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चांनी ही सुधारणा स्वीकारली नाही. त्या दोन दिनदर्शिकांतला फरक आज तेरा दिवसांचा आहे.

आता २०२४ चे कोडे सोडवता येते. ज्युलियन २१ मार्च म्हणजे आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधला ३ एप्रिल. त्यामुळे २५ मार्चची होळी पौर्णिमा पाश्चात्त्यांना चालली. ऑर्थोडॉक्स गणितात मात्र ती संपाताच्या आधीची ठरली आणि त्यांना हनुमान जयंतीच्या पौर्णिमेपर्यंत थांबावे लागले. बरे, ती पौर्णिमा २३-२४ एप्रिलची. मग ईस्टर २८ एप्रिलला का नाही? कारण ज्युलियन तक्त्यातला चंद्रही आता चारपाच दिवस मागे पडला आहे. त्या तक्त्यात पौर्णिमा २८ एप्रिलला होती, आणि तो रविवारच होता. नियम सांगतो, पौर्णिमेच्या नंतरचा रविवार. म्हणून ५ मे.

हा फरक कागदावरचा राहत नाही, तो चुलीपर्यंत पोचतो. ईस्टरची तारीख ठरली की त्याआधीच्या दीर्घ उपासाचे दिवसही ठरतात. पूर्वेकडच्या परंपरेत त्या काळात मांस, दूध, अंडी वर्ज्य. इथिओपियात हा उपास ५५ दिवसांचा असतो. इतके दिवस निषिद्ध असलेले अंडे ईस्टरला मानाचे होते. ग्रीसमध्ये ती लाल रंगवून एकमेकांच्या अंड्यांवर आपटतात. ज्याचे फुटत नाही त्याचे वर्ष चांगले. घरात नवराबायको वेगवेगळ्या पंथांचे असतील, तर एकाचे ताट भरलेले आणि दुसऱ्याचे उपासाचे, हा ओस्विउच्या राजवाड्यातला प्रसंग आजही घडू शकतो.

अधिक अचूक गणित केले की भांडण मिटेल, असे आपल्याला वाटते. अनुभव उलटा आहे. जर्मनीतल्या प्रोटेस्टंटांनी १७०० साली नवी दिनदर्शिका घेतली, पण ईस्टरसाठी पोपचा तक्ता न घेता केप्लरच्या खगोलीय सारण्या वापरायचे ठरवले. गणित सरस होते. परिणाम असा, की १७२४ साली त्यांचा ईस्टर ९ एप्रिलला आणि शेजारच्या कॅथलिकांचा १६ एप्रिलला आला. बाखच्या ‘सेंट जॉन पॅशन’ या प्रसिद्ध रचनेचा पहिला प्रयोग लाइप्झिगमध्ये त्या वर्षीच्या उत्तम शुक्रवारी, ७ एप्रिलला झाला; कॅथलिकांचा उत्तम शुक्रवार त्यानंतर आठवड्याने होता. १७७६ मध्ये प्रोटेस्टंटांनी हा वेगळा हिशेब सोडून दिला.

विसाव्या शतकातही असेच झाले. १९२३ साली सर्बियन शास्त्रज्ञ मिलुटिन मिलांकोविच यांनी ग्रेगरियनपेक्षाही काटेकोर दिनदर्शिका ऑर्थोडॉक्स चर्चांपुढे ठेवली. काहींनी ती स्वीकारली, पण नाताळसारख्या ठरलेल्या तारखांच्या सणांपुरतीच. ईस्टर मात्र त्यांनी जुन्या गणितावर ठेवला, कारण बाकीच्या ऑर्थोडॉक्स बांधवांपासून तुटायचे नव्हते. ब्रिटनने १९२८ साली कायदा करून एप्रिलमधल्या दुसऱ्या शनिवारनंतरचा रविवार ईस्टरसाठी मुक्रर केला. तो कायदा कधीच अमलात आला नाही. १९९७ साली सीरियातल्या अलेप्पो शहरात सर्व पंथांच्या प्रतिनिधींनी सुचवले, की नायसियाचा नियम ठेवू आणि संपात व पौर्णिमा जेरुसलेमच्या रेखांशावरून आधुनिक खगोलशास्त्राने ठरवू. २००१ साली ईस्टर एकाच दिवशी येत होता, तेव्हापासून सुरुवात करायची होती. तेही कागदावरच राहिले.

जिथे प्रश्न सुटला आहे, तिथे तो गणिताने सुटलेला नाही. ग्रीसमधल्या सिरोस बेटावर कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स दोघांचीही वस्ती मोठी आहे. ग्रीसमधले कॅथलिक ऑर्थोडॉक्स तारखेला ईस्टर करतात, म्हणून सिरोसला सण एकाच दिवशी होतो. उलट फिनलंडमध्ये बहुसंख्य लोक ल्युथरन, तर तिथल्या छोट्या ऑर्थोडॉक्स चर्चने पाश्चात्त्य तारीख घेतली. केरळातल्या सीरियन परंपरेच्या ऑर्थोडॉक्स मंडळींचा ईस्टरही कॅथलिक शेजाऱ्यांबरोबरच असतो. या तिन्ही ठिकाणी कोणाचा चंद्र खरा हे ठरले नाही. शेजाऱ्याबरोबर ताट वाढायचे एवढे ठरले.

याबाबत आपण फार वेगळे नाही. रेवती नक्षत्रापासून अयनांश मोजणाऱ्या टिळक पंचांगात आणि इतर पंचांगांत सुमारे चार अंशांचा फरक पडतो; त्यामुळे कधीकधी अधिक मास वेगळा येतो. २०१२ साली टिळक पंचांग मानणाऱ्या घरांतले गणपती ऑगस्टमध्येच बसले, बाकीच्यांचे सप्टेंबरात. २०२४ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, यावर घरोघर चर्चा झाली. अशा वेळी दोन्हीकडच्या आरत्यांना जाणारे शेजारी आपण पाहिलेले आहेत. पॉलिकार्प आणि अनिसेटस यांनी रोममध्ये केले ते याहून निराळे नव्हते.

पूर्व आणि पश्चिमेचे दोन्ही तक्ते यानंतर २०२८ साली, १६ एप्रिलला, पुन्हा एका रविवारी भेटतील.