कापडावरचा मजकूर कसा वाचायचा?

संशोधनाचा स्रोत म्हणजे कागदच, असं डोक्यात पक्कं असेल तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधलं एक भरतकाम बघा. एलिझाबेथ पार्कर या ससेक्समधल्या मुलीने ते साधारण १८३० मध्ये केलं.

त्याआधी 'सॅम्प्लर' म्हणजे काय ते पाहू. टाके आणि नक्षी लक्षात राहावी म्हणून काढून ठेवलेलं नमुन्याचं कापड, हा मूळ अर्थ. साल घातलेलं सर्वांत जुनं ब्रिटिश सॅम्प्लर जेन बोस्टॉकचं, १५९८चं. पुढे ते मुलींच्या शिक्षणाचा भाग झालं: मुळाक्षरं, आकडे, एखादं धार्मिक वचन, खाली नाव, वय, साल. गरीब मुलींना तर ही अक्षरं पोटापाण्याची. मोठ्या घरांत चादरींवर खुणेची अक्षरं आणि नंबर टाक्यांनीच घालत, आणि या मुली तिथेच कामाला जाणार असत.

म्हणजे मजकूर बहुधा दुसऱ्याने ठरवलेला. मुलीने देवावरच्या श्रद्धेचं वचन काढलं, यावरून तिची श्रद्धा सिद्ध होत नाही. तिला काय शिकवलं जात होतं एवढंच कळतं. शिवाय आज दिसतात ती कुणीतरी जपलेली, बरेचदा फ्रेम केलेली कापडं. आपलं सॅम्पल आपल्या हातात येण्याआधीच चाळलेलं असतं. (सॅम्प्लरचंच सॅम्पल बायस्ड, हे भारीच!)

पार्करच्या कापडावर फुलं नाहीत, किनार नाही. लिननवर लाल रेशमाने, बारीक क्रॉस स्टिचमध्ये सलग मजकूर आहे. सुरुवातीलाच ती म्हणते की आपल्याला लिहिता येत नाही! आता 'लिहिणं' म्हणजे तिच्या लेखी काय? लेखणी धरणं? की मनातलं कुणाला सांगणं? मला दुसरा अर्थ जास्त पटतो, कारण पुढे ती तेराव्या वर्षी कामाला लागल्याचं, मालकाने छळल्याचं, जीव द्यावासा वाटल्याचं सांगते. हा मजकूर कुठल्या शिक्षिकेने दिलेला नसणार.

माझ्या आत्म्याचं काय होणार, असं विचारता विचारता मजकूर वाक्याच्या मध्येच तुटतो. खाली कापड कोरं. एवढंच वाचलं तर वाटेल, तिने जीव दिला असावा. पण इतर नोंदी पाहिल्या तर कळतं, ती ॲशबर्नममध्येच राहिली, शाळेत शिकवू लागली आणि १८८९ मध्ये, ७६व्या वर्षी वारली.