मधुमेह : न दुखणारा, म्हणूनच फसवा

दाढ दुखू लागली की आपण त्याच दिवशी डॉक्टर गाठतो. मधुमेह मात्र वर्षानुवर्षे काहीही न दुखवता शरीरात वास्तव्य करतो आणि म्हणूनच दुर्लक्षिला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. यास्तव या विकाराचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

भात, भाकरी, पाव यांतील पिष्टाची साखर होऊन ती रक्तात येते. स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन तिला पेशींत प्रवेश मिळवून देते. इन्सुलिन अपुरे पडले अथवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, की साखर रक्तातच साचते आणि डोळे, मूत्रपिंडे व पायांच्या संवेदना यांना हळूहळू इजा पोहोचवते. उपाशीपोटी ती १२६ वा त्याहून अधिक आढळल्यास, दुसऱ्या चाचणीने खात्री करून मधुमेहाचे निदान केले जाते. ‘एचबीएवनसी’ ही चाचणी मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते. न दुखणाऱ्या रोगाचा अंदाज प्रकृतीवरून बांधता येत नाही. तो मोजावाच लागतो.

येथेच मोठी चूक घडते. अहवाल चांगला आला की काही जण गोळ्या बंद करतात. ‘गोळ्यांनी किडनी बिघडते’ ही भीतीही त्यामागे असते. वस्तुतः अहवाल चांगला येतो तो बहुधा गोळ्या, आहार व व्यायाम यांच्यामुळेच. आणि मूत्रपिंडे बिघडवते ती मुख्यतः अनियंत्रित साखर. औषधात बदल करावयाचा तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. गूळ व मध हेही साखरेचेच भाऊबंद होत, हेही विसरू नये.

भात सोडण्याची गरज नाही. त्याचे प्रमाण आवरावे. अर्धे ताट भाज्यांचे, पाव ताट मासळी, अंडी वा डाळ-कडधान्याचे आणि उरलेले पाव भात-भाकरीचे, हा हिशेब सोपा आहे. त्याला आठवड्यातून किमान पाच दिवस अर्धा तास झपझप चालण्याची जोड द्यावी.

पायांची बधिरता विशेष घातक. काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि प्रसंगी पाय गमवावा लागतो. म्हणून वाडीत वा अंगणात अनवाणी फिरू नये आणि रोज रात्री तळपाय व बोटांच्या बेचक्या तपासाव्यात.

साखर ७० च्या खाली उतरणे हाही धोकाच. हातपाय थरथरणे, दरदरून घाम येणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता त्वरित रुग्णालयात न्यावे. इन्सुलिन वा गोळ्या घेणाऱ्यांनी उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

शेवटी, हे पथ्य एकट्या रुग्णाचे नव्हे. लग्नसमारंभात ‘एका लाडवाने काय होते?’ असा आग्रह करणारे आपणच असतो. तो आग्रह आवरणे आणि घरातील सर्वांचेच ताट थोडे बदलणे, एवढे तर आपल्या हाती निश्चितच आहे.