वडगावचा भोंगा

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव या नावाचे सुमारे ३,००० वस्तीचे एक गाव आहे. २०२२ सालच्या ऑगस्ट महिन्यात या गावात एक नवी प्रथा सुरू झाली. सायंकाळचे ७ वाजले की मंदिरातून भोंगा वाजे. तो ऐकताच दूरचित्रवाणीचे संच बंद करावयाचे, मोबाइल बाजूला ठेवावयाचे आणि मुलांनी अभ्यासाला बसावयाचे, असे ठरलेले होते. साडेआठला भोंगा पुन्हा वाजला, म्हणजे ही मुदत संपे.

या प्रथेचे मूळ करोनाच्या साथीत होते. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाइलवरून मिळू लागले. मुलांच्या हाती हे यंत्र द्यावे लागले, याबद्दल कोणालाही दोष देता येणार नाही. त्या वेळी दुसरा मार्गच नव्हता. परंतु शाळा पुन्हा उघडल्या, तरी हातातला मोबाइल काही सुटेना. मुलांचे वाचन-लेखन मागे पडले, अशी शिक्षकांची तक्रार येऊ लागली. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांनी भोंग्याची कल्पना मांडली. पुरुषमंडळी प्रथम हसली. स्त्रियांनी मात्र आपणही मालिका पाहण्यात फार वेळ घालवतो, हे मोकळेपणाने कबूल केले आणि १४ ऑगस्टला भरलेल्या महिलांच्या ग्रामसभेत भोंगा आणण्याचे ठरले. पुढे अंगणवाडी सेविका, आशा सेविका आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन लोकांची समजूत घातली.

एवढ्याशा यंत्रासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर कबुतरांकडे आहे! बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर पुष्कळ प्रयोग केले. कबुतराने एका चकतीवर चोच मारली की त्याला दाणे मिळत. पण दाणे कितव्या चोचीला मिळतील याचा नेम नसला, म्हणजे कबूतर न थांबता भराभर चोच मारीतच राही. मोबाइल वारंवार उघडून पाहणाऱ्याची स्थितीही काहीशी अशीच असते. नऊ वेळा त्यात काहीच नसते. दहाव्या वेळी मित्राचा निरोप असतो, आणि त्या एका निरोपासाठी हात पुन्हा पुन्हा तिकडे जातो. शिवाय पुस्तकातील धडा संपतो, तशी मोबाइलवरील चित्रफितींची रांग संपत नाही. ती मुद्दामच तशी योजलेली असते. कारण पाहणारा जितका अधिक वेळ थांबेल, तितक्या अधिक जाहिराती त्याला दाखविता येतात.

अशा यंत्रापुढे बसून केवळ मन आवरणे मोठ्यांनाही जड जाते, मग मुलांची काय कथा! भोंग्याने हे काम पुष्कळच हलके केले. मोबाइल केव्हा ठेवावा, याचा निर्णय रोज नव्याने करण्याचे कारण उरले नाही. त्यातून सर्व गावाची वेळ एकच. मित्राने आपला मोबाइल ठेवलेला असला, म्हणजे त्याच्या निरोपाची वाट कोण पाहणार? शेजारच्या खोलीत वडील मालिका पाहत बसले असते, तर मुलाचे लक्ष गणितात राहिले नसते.

जेथे असा भोंगा नाही, तेथे एखाद्या घरालाही आपली वेळ ठरविता येते. त्या वेळेत मोबाइल नुसता पालथा घालून भागत नाही. तो दुसऱ्या खोलीत ठेवावा लागतो. निरोप आल्याच्या सूचनांचा आवाजही बंद करता येतो. एरवी मोबाइल हाती घेताना तो कशासाठी घेतला, हे आधी स्वतःशी म्हणावे. शब्दाचा अर्थ पाहण्यासाठी घेतला असेल, तर अर्थ सापडताच काम झाले. बाजारभाव कळणे, परगावी असलेल्या भावाशी बोलणे, यांसाठी मोबाइलसारखे दुसरे साधन नाही. वडगावानेही तो टाकून दिला नव्हता. साडेआठचा भोंगा झाल्यावर तो पुन्हा हाती घेण्यास तेथे कोणाचीच मनाई नव्हती.